गाडीची कुरकुर

श्रोतेहो, गाडीच्या मागून ‘कुई कुई’ ऐकू आलं की आपण थेट शॉकअब बदलायला निघतो. पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो. कवीला सवय असते, आधी ऐकायचं, मग अर्थ लावायचा. गाडीचंही तसंच आहे.

प्रथम डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅकही बाहेर काढा. तरीही आवाज येत असेल, तर गाडी सपाट जागी उभी करा. एकाने मागची बाजू दाबावी-सोडावी, दुसऱ्याने बाजूला बसून कान द्यावा. आवाज येतो तिथल्या रबरी बुशवर पाणी मारा. कुरकुर तेवढ्यापुरती थांबली, तर तो बुशच संशयित. त्याला इंजिन ऑइल मात्र लावू नका. रबर फुगून खराब होतं. जीप-टेम्पोला पाटे असतात. त्यांत माती शिरली, गंज चढला, की ते एकमेकांवर घासून कुरकुरतात. पाटा तडकलेला दिसला, तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय गाडी हलवू नका.

आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. कुरकुर चार दिवस सोसता येते. जॅक निसटायला मात्र क्षण पुरतो.