एका रात्रीचा पाऊस, वर्षभराचे पाणी



मराठी जलतज्ज्ञांची परिषद फरीदाबादला भरते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. केंद्रीय भूजल मंडळाचे मुख्यालय याच शहरात, भूजल भवनात आहे. देशभरातल्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या शेवटी इथे येतात. त्यांत आपल्या बीड-लातूरच्या विहिरीही असतात. त्यामुळे आपण परक्या गावी जमलो आहोत असे मला वाटत नाही. दुसरे कारण या भूमीतच आहे. इथे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, म्हणजे साधारण आपल्या सोलापूरइतकाच. पश्चिमेला अरवलीचा क्वार्ट्झाइट, पूर्वेला यमुनेचा गाळ आणि मधल्या उतारावर हे लाखो वस्तीचे औद्योगिक शहर. जो प्रश्न आपण मराठवाड्यात पाहतो, तोच इथे वेगळ्या खडकावर उभा आहे.

मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. अवर्षणप्रवण प्रदेशात वर्षाचे बहुतेक पाणी मोजक्या मोठ्या पावसांतून येते. तरीही पूर एका खात्याकडे आणि पाणीपुरवठा दुसऱ्या खात्याकडे, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. एक खाते पाणी लवकरात लवकर शहराबाहेर घालवण्यासाठी पैसा खर्च करते आणि दुसरे खाते सहा महिन्यांनी तेच पाणी टँकरने आणते. ही वाटणी मोडल्याखेरीज या प्रदेशांची तहान भागणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

जून २०२४ आठवा. दिल्लीत पाण्यासाठी हाहाकार होता. हरियाणाकडून हक्काचे पाणी येत नाही म्हणून दिल्लीच्या जलमंत्री २१ जूनला उपोषणाला बसल्या. त्यानंतर आठवड्याच्या आत, २८ जूनच्या सकाळी सफदरजंग वेधशाळेत २४ तासांची नोंद झाली २२८.१ मिलिमीटर. दिल्लीचा जूनचा सरासरी पाऊस ७५ मिलिमीटरच्या घरातला. म्हणजे एका दिवसात तिप्पट पाऊस, आणि त्यातलाही बराचसा पहाटेच्या काही तासांतला. भांडण ज्या पाण्यासाठी चालले होते त्याच्या कितीतरी पट पाणी रस्त्यांवरून, भुयारी मार्गांतून आणि नाल्यांतून यमुनेत गेले. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला इथल्या जुन्या फरीदाबादच्या रेल्वे भुयारी मार्गात पाणी भरले आणि दोन माणसे मोटारीत बुडून गेली. ती घरी परतत होती. पाण्याची टंचाई असलेल्या शहरात माणसे रस्त्यावर बुडून मरतात, ही गोष्ट आपल्या व्यवसायाने आपल्या अंगाला लावून घेतली पाहिजे.

पुराने पाणीपुरवठा कसा तुटतो, याचेही उदाहरण इथलेच आहे. १३ जुलै २०२३ रोजी दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलाजवळ यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर पोहोचली. १९७८ सालचा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. त्या दिवशी वझिराबाद, चंद्रावल आणि ओखला ही तीन जलशुद्धीकरण केंद्रे बंद करावी लागली. नदी दुथडी भरून वाहत असताना राजधानीच्या नळांचे पाणी तुटले. फरीदाबादच्या यमुनाकाठच्या गावांतही पाणी शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीने हेच भोगले होते. पंचगंगा-कृष्णेच्या महापुरात पंपगृहे बुडाली आणि पुराच्या मधोमध पिण्याच्या पाण्यासाठी टँकर धावले. त्याच आठवड्यांत मराठवाड्यात दुष्काळाचे टँकर चालू होते.

आता लातूरकडे वळतो, कारण या विषयावर आपल्याला सर्वांत जास्त शिकवले ते लातूरने. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली 'जलदूत' रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. ऑगस्टपर्यंत या गाडीने सुमारे २५ कोटी लिटर पाणी आणले. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी आणि मिरजेच्या लोकांनी जे केले त्याला तोड नाही. पण आपण हिशोबाची माणसे आहोत. २५ कोटी लिटर म्हणजे पाव दशलक्ष घनमीटर. धनेगावच्या मांजरा धरणाचा उपयुक्त साठा आहे सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर. उन्हाळ्यात त्यात मृतसाठाही उरला नव्हता. आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या उत्तरार्धात झालेल्या अतिवृष्टीने तेच धरण भरले. चार महिन्यांच्या रेल्वेने जे आणले त्याच्या सातशेपट पाणी थोड्या दिवसांच्या पावसाने आणून ठेवले. ते पाणी मिळाले, कारण ते थांबवायला तिथे आधीपासून जागा होती. जिथे जागा नव्हती तिथे त्याच पावसाने पिके आणि बांध वाहून नेले.

माझ्या मते पाण्याचे नियोजन करणाऱ्याला सरासरी पाऊस फारसा उपयोगाचा नाही. आपण धरणांचा येवा ७५ टक्के विश्वासार्हतेवर धरतो, म्हणजे चारांतली तीन वर्षे तेवढे पाणी येईल असे गृहीत धरतो. तो येवा चार महिन्यांत पसरून येणार की दोन रात्रींत, हे त्या आकड्यात दिसत नाही. बेसाल्टच्या प्रदेशात तर याला फारच अर्थ आहे. आपल्या दख्खनच्या खडकात पाणी मुरते ते माथ्यावरच्या मुरमात आणि सांध्या-भेगांत. त्यांची पोकळी थोडी आणि मुरण्याचा वेगही थोडा. दहा दिवस रिमझिमणारा शंभर मिलिमीटर पाऊस विहिरींना पाणी देतो. दोन तासांत कोसळलेला तेवढाच पाऊस शेतातली माती घेऊन ओढ्याला जातो. महसूल खाते मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरते. नुकसानभरपाईसाठी ती मर्यादा चालेल, पण त्या २४ तासांत पाऊस नेमका कधी आणि किती वेगाने पडला, हे जलवैज्ञानिकाला हवे असते. तालुक्या-तालुक्यांत स्वयंचलित पर्जन्यमापके बसली आहेत. त्यांच्या तासागणिक नोंदी संकल्पचित्र काढणाऱ्या अभियंत्याच्या टेबलावर पोहोचल्या पाहिजेत.

हे मोठे पाऊस वाढत आहेत की नाही, यावर आता वादाला जागा उरलेली नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली १९५१ ते २००० या काळातल्या नोंदी तपासून मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्याचे दाखवले. मध्यम पाऊस मात्र त्याच काळात घटत होता. पुढे २०१७ साली त्याच संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे मांडले आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाशी त्याचा संबंध जोडला. म्हणजे वर्षाची बेरीज तीच राहिली तरी मुरणारे पाणी कमी आणि धावणारे पाणी जास्त. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने परांडा, माढा, मोहोळ या एरवी कोरड्या मुलुखात जो पूर आणला तो आपण पाहिला. माणसांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. पिकांपेक्षा मोठे नुकसान खरडून गेलेल्या जमिनीचे झाले. पीक पुढच्या हंगामात परत घेता येते. जमिनीवरचा मातीचा थर मात्र एका आयुष्यात परत येत नाही, आणि पाणी धरून ठेवणारा पहिला साठा तोच असतो.

आता ज्या भूमीवर आपण बसलो आहोत तिच्याकडे येतो, कारण हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी हा प्रश्न इथे सोडवून दाखवला होता. इथून जवळच अनंगपूर गावाशी तोमर राजा अनंगपालाच्या काळातले दगडी धरण आहे, सुमारे पन्नास मीटर लांब आणि सात मीटर उंच, दोन टेकड्यांमधल्या चिंचोळ्या जागी बांधलेले. त्याच्या जवळच दहाव्या शतकातला सूरजकुंड आहे, पायऱ्यांनी वेढलेला. दोन्ही बांधकामे अरवलीच्या उघड्या खडकावरून धावत येणारे पावसाचे पाणी अडवण्यासाठीच होती. बांधणाऱ्यांना ठाऊक होते की इथे पाऊस वर्षातून थोडे दिवस येतो आणि जोरात येतो. त्यांनी त्या जोराचाच उपयोग केला. उद्या क्षेत्रभेटीला जाल तेव्हा अनंगपूरच्या भिंतीतल्या मोऱ्या जरूर पाहा.

आणि मग बडखल तलाव पाहा. १९४७ साली टेकड्यांच्या खोऱ्यात मातीचा बांध घालून तो केला. पुढे दिल्लीकरांचे ते सहलीचे ठिकाण झाले. १९९६ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बडखल आणि सूरजकुंड यांच्या दोन किलोमीटर परिसरात खाणकाम बंद करण्याचा आदेश दिला. तरीही तलाव आटला. कारण तलावाचे पाणी दोन किलोमीटरच्या वर्तुळातून येत नाही, ते त्याच्या संपूर्ण पाणलोटातून येते. वरच्या टेकड्यांत सिलिका वाळूसाठी आणि दगडासाठी खाणी भूजलपातळीच्याही खाली गेल्या. दिल्लीच्या गवंड्यांना ती वाळू 'बदरपूर' म्हणून माहीत आहे. ओहोळ तुटले, पाणी खाणींच्या खड्ड्यांत जाऊन बसले, रस्ते आणि इमारती वाटेत आल्या. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फरीदाबाद-गुडगावच्या अरवलीतल्या खाणी थांबवल्या, तेव्हा तलाव कोरडाच होता. आता स्मार्ट सिटी योजनेत प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडून तो पुन्हा भरण्यात आला आहे. सांडपाण्याचा पुनर्वापर मला मनापासून मान्य आहे. पण तलावात पाणी दिसू लागले म्हणून ओहोळांची वाट विसरली गेली, तर पावसाचे पाणी खालच्या वस्त्यांकडेच जाणार.

एक साधा हिशोब इथल्या तरुण अभियंत्यांनी पाठ करावा. एक चौरस किलोमीटरवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की दहा कोटी लिटर पाणी होते. माणशी रोज १३५ लिटर धरले तर ते दोन हजार माणसांचे वर्षाचे पाणी आहे. त्यातला तिसरा हिस्सा साठला किंवा मुरला तरी एका मोहल्ल्याचा प्रश्न सुटतो. मात्र हे पाणी जसेच्या तसे भूगर्भात घालू नका. औद्योगिक शहराच्या रस्त्यावरून आलेल्या पहिल्या पावसात तेल, धातू आणि मैला असतो. पहिली सर बाहेर सोडावी, गाळणी दर पावसाळ्यापूर्वी धुवावी आणि छपराचे पाणी रस्त्याच्या पाण्यात मिसळू देऊ नये. पुनर्भरणाच्या कितीतरी विहिरी गाळाने बुजून कागदावरच राहिल्या आहेत. त्यांच्या देखभालीचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवल्याशिवाय नवी विहीर मंजूर करू नये, असे मी म्हणेन.

आणखी एक काळजी बोलून दाखवतो. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर महाराष्ट्रात हजारो पाझर तलाव झाले. त्यांनी असंख्य विहिरी जिवंत ठेवल्या. त्यांतल्या अनेकांना आता पन्नास वर्षे होत आली. पोटात गाळ आहे आणि सांडवा जुन्या पावसाच्या अंदाजावर बेतलेला आहे. सांडवा अपुरा पडला की भरावावरून पाणी जाते आणि मातीचा भराव तासाभरात फुटतो. २०१९ साली रत्नागिरी जिल्ह्यातले तिवऱ्याचे धरण फुटले, ते आपण विसरू शकत नाही. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मोठ्या धरणांना लागू आहे. हे लहान तलाव त्याच्या कक्षेत येत नाहीत. गाळ काढणे, सांडवे रुंद करणे आणि भरावावरची झाडे-झुडपे उपटणे, या कामांना नव्या बंधाऱ्यांच्या आधी पैसा मिळाला पाहिजे.

म्हणून या दोन दिवसांत एक काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. दुपारच्या सत्रात शहरी पूर आणि उद्याच्या सत्रात पाणीपुरवठा, अशी कार्यक्रमपत्रिका छापली आहे. दोन्ही सत्रांच्या अध्यक्षांनी ती एकत्र घ्यावीत. लातूर, सोलापूर आणि फरीदाबाद या तीन शहरांसाठी मोठ्या पावसाचे पाणी कुठून येते, कुठे थांबवता येईल, कुठे जाऊ दिले पाहिजे आणि पंपगृहे कोणत्या पातळीवर हवीत, याचा एकच आराखडा करावा. पुढच्या पावसाळ्याआधी तो तिन्ही महापालिकांच्या आयुक्तांकडे पोहोचवण्याची जबाबदारी मी स्वतः घेतो. पहिल्या सत्राच्या वक्त्यांनी आता व्यासपीठावर यावे.