संशोधकाचे ऋण आणि उल्लेखांची मोजदाद
(मंडळाच्या नाशिक येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



परीक्षेतील गुण सर्वांस समजतात आणि वेतनाचा आकडा तर न सांगताही कळतो. परंतु अणूच्या अंतरंगाचा शोध घेण्यात ज्याने हयात वेचली, त्याची योग्यता कोणत्या मापाने पारखावी, हा विचार आपल्या घरांतून क्वचितच होतो. गुणगौरवाच्या या प्रसंगी त्याच प्रश्नाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

शास्त्रज्ञ आपला शोध निबंधरूपाने प्रसिद्ध करतो आणि ज्या पूर्वीच्या निबंधांचा आधार घेतला, त्यांची यादी अखेरीस देतो. स्मरणिकेत आपण देणगीदारांची नावे छापतो, तसाच हा प्रकार होय. आपल्या पूर्वजांनी ऋषिऋण मानले. उल्लेख हा त्या ऋणाचा छापील स्वीकार आहे. एखाद्या निबंधाचा उल्लेख किती जणांनी केला, यावरून त्याचा उपयोग किती झाला याचा अदमास येतो.

याचे एक ठळक उदाहरण आपल्या महाराष्ट्रकन्येचे आहे. डॉ. रोहिणी गोडबोले यांचा जन्म 1952 साली पुण्यात झाला. सर परशुरामभाऊ महाविद्यालय व मुंबईची आयआयटी येथे शिकून त्या अमेरिकेस गेल्या आणि स्टोनी ब्रुक येथे 1979 साली पीएच.डी. झाल्या. त्यानंतर त्या स्वदेशी परतल्या. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, मुंबई विद्यापीठ आणि 1995 पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ही त्यांची कर्मभूमी. अणुकेंद्राच्याही आत जे मूलकण आहेत, त्यांचा अभ्यास हा त्यांचा विषय होता.

इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांचे झोत समोरासमोर आदळविणारी प्रचंड यंत्रे उभारण्याच्या योजना जगात चालू होत्या. हे झोत अत्यंत दाट केले की परस्परांच्या विद्युत्‌चुंबकीय क्षेत्रामुळे कण वळतात आणि प्रकाशकण बाहेर टाकतात. हे प्रकाशकण एकमेकांवर आदळले असता कधीकधी, जणू त्यांच्या पोटी क्वार्क व ग्लुऑन असावेत, असे वागतात आणि नको असलेल्या कणांचा गलबला माजतो. गोडबोले यांनी जर्मन शास्त्रज्ञ मान्युएल ड्रीस यांच्यासह 1991 साली गणिताने दाखविले की, काही आराखड्यांत हा गलबला फार मोठा ठरेल. यंत्राचा आराखडा करणाऱ्यांस त्याची दखल घेणे भाग पडले. आज हा परिणाम त्या दोघांच्या नावांनी ओळखला जातो. परदेशस्थ अभियंत्याने तो विचारात घेतला, तेव्हा गोडबोले कोणत्या गावच्या, कोणत्या ज्ञातीच्या, हे त्याने विचारले नाही. उल्लेखाचे हे मोठेपण ज्ञातीच्या व्यासपीठावरून सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मोजदादीची एक रीत हर्श या पदार्थशास्त्रज्ञाने 2005 साली सुचविली. एखाद्याच्या 20 निबंधांस प्रत्येकी किमान 20 उल्लेख लाभले असतील, आणि 21 निबंधांस प्रत्येकी 21 लाभले नसतील, तर त्याचा निर्देशांक 20. रीत सोयीची आहे. तथापि ती सर्वस्वी विश्वसनीय नव्हे. हिग्ज कणाच्या 2012 सालच्या शोधनिबंधांवर हजारो लेखकांची नावे आहेत; एकट्याने गणित मांडणाऱ्याची आणि त्यांची तुलना कशी व्हावी?

याची साक्ष आपल्या देवळालीतच आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे तेथे 1930 ते 1962 पर्यंत शाळामास्तर होते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत जा. सात पायऱ्यांच्या आत 6174 येते. हा त्यांचा शोध 1949 सालचा. अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी 1975 साली त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगात त्यांचे नाव पसरले. मधली 26 वर्षे उल्लेखांची मोजदाद करणाऱ्यास मास्तरांची किंमत काय कळली असती?

म्हणून आमचे सांगणे इतकेच की, उल्लेख हे फळ आहे आणि ते उशिरा लागते. झाडास पाणी मात्र आधी घालावे लागते. आपला विद्यानिधी बहुधा पदवीपाशी थांबतो. संशोधनाची खरी वाट तेथून पुढे सुरू होते. पंचविशीतली कन्या प्रयोगशाळेत रमली की घरात लग्नाची घाई सुरू होते आणि मुलगा संशोधनात राहिला तर ‘कमावणार कधी?’ असे विचारले जाते. या दोन प्रश्नांनी किती निबंध लिहिले जाण्यापूर्वीच मिटविले असतील, त्यांची गणती कोणत्याही निर्देशांकात नाही.

गोडबोले यांनी 2008 साली राम रामस्वामी यांच्यासह सुमारे 100 भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या जीवनकथा ‘लीलावतीज डॉटर्स’ या ग्रंथात संपादित केल्या. 2019 साली त्यांस पद्मश्री मिळाली; 25 ऑक्टोबर 2024 रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या निबंधांचे उल्लेख पुढेही होत राहतील.

मंडळाने विद्यानिधीचा काही भाग संशोधन करणाऱ्या मुलामुलींसाठी, निदान चार वर्षांच्या मुदतीने, राखून ठेवावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.