बापाची गदा, पोराची कुस्ती

फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या नगरात, वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी झाली. मोबाईलवर पंचांच्या निर्णयावरचा राडाच जास्त फिरला. आज मात्र आपण बोलूया एकाच घरात बाप आणि मुलगा दोघांनी जिंकलेल्या गदेबद्दल.

बाप म्हणजे दादू चौगुले. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली घडलेले. १९७० आणि १९७१, सलग दोनदा महाराष्ट्र केसरी. १९७४ ला ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक. मुलगा विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाला २००० साली. मध्ये २९ वर्षं गेली!

आता कोणी म्हणेल, "बापामुळे सोपं गेलं असणार." थोडं खरंय. वस्ताद, तालीम, डावांची जाण असल्या घरात आयती मिळते. नाहीतर दूध, तूप, बदामाचा खर्च काय असतो, ते शेतकऱ्याच्या घरात विचारा.

पण एक गोष्ट जाते. गुपचूप हरायची सोय. मी सॉफ्टवेअरवाला. आमचा कोड आधी टेस्टिंगला जातो, तिथे दहादा फुटला तरी गिऱ्हाइकाला कळत नाही. मोठ्या पैलवानाचं पोरगं पहिल्या दिवसापासून थेट लाइव्ह! जत्रेत रेवड्यांवरची कुस्ती हरलं, तरी लोक बापाचं नाव काढतात.

बॉक्सिंगमध्येही हेच. मुहम्मद अलीची मुलगी लैला २००१ मध्ये जो फ्रेझरच्या मुलीशी, जॅकीशी लढली. लोक जुनं अली-फ्रेझर वैर आठवून बघायला आले. लैला जिंकली. निवृत्त झाली तेव्हा २४ लढती, २४ विजय. बापाच्या नावावर पहिली लढत मिळते हो, चोविसावी नाही जिंकता येत.

आणि आपल्या अकोले तालुक्याचा हर्षवर्धन सदगीर? घरात केसरीची गदा नव्हती. नाशिककडून खेळला आणि २०२० मध्ये महाराष्ट्र केसरी झाला. जिंकल्यावर हरलेल्या शैलेश शेळकेलाच खांद्यावर घेतलं. दोघंही काका पवारांच्या तालमीतले.

दोन्ही खांदे टेकले की चितपट, आडनाव कुठलंही असो. म्हणून यंदा गावच्या जत्रेत एखाद्या पैलवानाचं पोरगं हरलं, तर "बाप वाघ होता, हा बघा" अशी कमेंट टाकू नका. त्याला अजून दहा कुस्त्या हरायला मिळू द्या. त्यातूनच तो शिकेल.

चला, भेटू पुढच्या भागात. राम राम!