पाहुणा, यजमान आणि हजेरीपट



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. बाकीचे कारखान्याच्या फाटकावर आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नये. पुराणप्रसिद्ध स्थळी जायचे आणि शेजारच्या आलिशान हॉटेलात उतरायचे, ही हल्लीची रीत झाली आहे. तिच्याकडे कामगार चळवळीतला माणूस कसा पाहतो, एवढेच मी सांगणार आहे. उदाहरण घेतो अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याचे.

भंडारदऱ्याला माणूस काय पाहायला जातो? रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन देऊळ, त्याची पुष्करणी, वर रतनगड, जिथे प्रवरा उगम पावते. पलीकडे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई. आणि मध्ये धरणाचे पाणी. हे दगडी धरण १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. उंची सुमारे २७० फूट, साठा सुमारे ११ अब्ज घनफूट. या पाण्यावर खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडे ऊस उभा राहिला, सहकारी साखर कारखाने निघाले. धरणाला नाव मिळाले मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे. दगड ज्यांनी फोडले आणि डोक्यावरून वाहिले, त्यांची नावे कुठेही कोरलेली नाहीत. देवळाच्या पाथरवटांचीही तीच गत. याच तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यांना सावकार आणि सरकार यांच्याविरुद्ध उठल्याबद्दल १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ज्यांच्यासाठी ते उठले, ते महादेव कोळी आजही याच डोंगरांत भाताच्या खाचरांवर जगतात.

अशा ठिकाणी माझ्या भाच्याने हौसेने मला दोन रात्री एका हॉटेलात उतरवले. त्या हॉटेलाचे नाव मी सांगत नाही, कारण गाऱ्हाणे एका मालकाचे नाही. खोली उत्तम होती. गादी मऊ, नळाला चोवीस तास गरम पाणी, समोर काचेची भिंत आणि पलीकडे सारे सरोवर. पाणी दिसणाऱ्या खोलीचे भाडे मागच्या खोलीपेक्षा जास्त होते.

सकाळी चहा घेऊन एक पोरगा आला. मी विचारले, "कुठला रे तू?" त्याने काचेतून पाण्याकडे बोट केले. म्हणाला, "इथलाच, साहेब. आमच्या आज्याच्या बापाची खाचरं तिथं खाली हायेत."

मंडळी, ज्या दृश्याचे जादा भाडे आम्ही भरत होतो, ते त्याच्या पणजोबाचे बुडालेले शेत होते.

मग मी धंद्याचे प्रश्न विचारले. काम किती तास? पहाटे पाचपासून पाहुणे निजेपर्यंत. सुट्टी? गर्दी ओसरली की. पगार कोण देतो? कंत्राटदार. हजेरीपटावर सही करतोस का? हजेरीपट त्याने पाहिलेलाच नव्हता. मे-जूनला काजवे पाहायला गर्दी होते, मग पावसाळ्याचे धबधबे. तो हंगाम सरला की त्याला घरी पाठवतात, आणि त्याने काम केल्याचा एका ओळीचाही पुरावा मागे राहत नाही.

मालक म्हणतात, हंगाम थोडा, खर्च मोठा. आम्ही आलो नसतो तर ही पोरे मुंबई-नाशिकला गेली असती. यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. पर्यटन बंद करा असे मी म्हणत नाही. चार महिन्यांचे काम चार महिन्यांचेच असू द्या. पण त्या चार महिन्यांची नोंद हवी. मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने १९४८ सालीच हॉटेल कामगाराला दिवसाला ९ तासांची मर्यादा आणि आठवड्याची सुट्टी दिली होती. २०१७ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. पण हजेरी नसेल तर तास कोण मोजणार? कायदा कोणताही असो, तो कागदावर नाव असलेल्या माणसालाच सापडतो. राजाला शिलालेख असतो. गरिबाचा शिलालेख म्हणजे हजेरीपट.

आणि बक्षिसीविषयी. आपण पन्नास-शंभराची नोट देतो आणि मन हलके करून निघतो. द्यावी, जरूर द्यावी. पण बक्षिसी म्हणजे वेतन नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हॉटेल कामगारांसाठी १९९१ साली जो करार केला, त्यात हेच आहे: बक्षिसी मिळो वा न मिळो, मूळ पगार नियमित मिळालाच पाहिजे. पाहुण्याची मर्जी हा काही हक्क होत नाही.

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण भंडारदऱ्याला जातील, कोणी वेरूळला, कोणी रायगडाच्या पायथ्याशी. अवश्य जा. देऊळ पाहा, गड चढा, चांगल्या खोलीत निजा. श्रमिकालाही विश्रांतीचा अधिकार आहे, असे आम्हीच सांगत आलो. फक्त बिल चुकते करताना व्यवस्थापकाला विचारा, की इथल्या माणसांची हजेरी लागते काय आणि आठवड्याची सुट्टी मिळते काय. त्या पोराने विचारले तर त्याचे काम जाईल. तुम्ही विचारलेत तर तुम्हाला फार तर चहा थंड मिळेल. दहा पाहुण्यांनी विचारले, तर अकराव्याच्या वेळी हजेरीपट टेबलावर येईल, असा माझा तीस वर्षांचा अनुभव सांगतो.