वाळवंटातली फुलं आणि नववीचे मूग

(डिसेंबर २०१९च्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'अमेरिकेतील माझी वाटचाल'. मी तो बदलून घेतला. वाटचाल सांगायला लागलं की माणूस पदं आणि पगार यांच्याभोवतीच फिरतो, आणि आपल्यातले निम्मे जण तसलीच यादी खिशात घेऊन आलेत. मी एका दिवसाबद्दल बोलणार आहे. २०१७च्या मार्चमधला एक बुधवार, पहाटे साडेपाच ते रात्री दहा.

त्या दिवशी माझ्याबरोबर जी होती ती इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घ्यायचं नाही या अटीवर तिने परवानगी दिली आहे. पाचवी ते दहावी ती माझ्या बाकावर बसायची, एवढं सांगितलं की तुम्हाला कळलंच. मागे वळून बघू नका, ती उठून जाईल.

दहावीनंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. मी कराडला इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये गेले. ती कोल्हापूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली. योगायोगाने आम्ही दोघी कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोच्या परिसरात येऊन पडलो. मी नोकरीच्या व्हिसावर, ती २००३ साली लग्न होऊन नवऱ्याच्या व्हिसावर. या दुसऱ्या व्हिसाला एच-४ म्हणतात. त्यावर आलेल्या बायकोला तेव्हा तिथे नोकरी करता येत नसे, शिक्षण कितीही असो. २०१५ साली नियम बदलला आणि ग्रीन कार्डच्या रांगेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांना परवानगी मिळू लागली. म्हणजे तिची बारा वर्षं.

आता माझी चूक सांगते. २०११च्या गणपतीत आमच्याकडे पंचवीसेक माणसं जेवायला होती. कुणीतरी विचारलं, इतक्या सुबक कळ्यांचे मोदक कुणी केले? मी म्हटलं, "हिने. हिला काय, घरीच असते, वेळच वेळ." सगळे हसले. तीही हसली. भांडी पुसून, जागच्या जागी लावून गेली, आणि पुढची सहा वर्षं आली नाही. आमच्या घरांमध्ये अंतर तीस मैलांचं. तिला काय लागलं ते मला कळलंच नाही असं म्हणणं सोयीचं आहे, पण खोटं. त्याच रात्री कळलं होतं. उद्या फोन करू म्हणता म्हणता आठवडे गेले, आणि नंतर इतक्या दिवसांनी फोन करण्याचीच लाज वाटू लागली.

२०१७च्या जानेवारीत आमचा अख्खा विभाग बंद झाला आणि माझी नोकरी गेली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी घरी होते. दुपारी दोन वाजता घर किती शांत असतं हे मला माहीतच नव्हतं. मार्चमध्ये एके दिवशी तिचा फोन आला. मधल्या सहा वर्षांबद्दल एक अक्षर नाही. "बोरेगोला फुलं आलीत. बुधवारी मोकळी आहेस ना?" यातला 'मोकळी' हा शब्द तिने मुद्दाम निवडला होता का, हे मी अजून विचारलेलं नाही.

आपल्याला फुलांचं पठार म्हणजे कास. आठवीत एसटी करून गेलो होतो ना? तेव्हा ना ऑनलाइन बुकिंग होतं, ना जागतिक वारसा म्हणून पाटी. तो दर्जा २०१२ साली आला. आपण फुलं बघण्यापेक्षा एकमेकांना चिखल लावण्यातच दिवस घालवला. पण कासला निदान पाऊस धो धो पडतो. आम्ही जिथे निघालो होतो ते अँझा-बोरेगो हे कॅलिफोर्नियातलं सगळ्यात मोठं राज्य उद्यान, सहा लाख एकरांहून जास्त, आणि सगळं वाळवंट. अँझा हा १७७४ साली इथून गेलेला स्पॅनिश मोहिमेचा म्होरक्या, आणि बोरेगो म्हणजे स्पॅनिशमध्ये मेंढरू, कारण या डोंगरांत मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या राहतात. वर्षाकाठी पाऊस पाच-सहा इंच, तोही पडला तर. त्याआधीची चार-पाच वर्षं कॅलिफोर्नियात कडक दुष्काळ होता. मग २०१६-१७च्या हिवाळ्यात दणकून पाऊस झाला.

मी माझ्या सवयीने तासातासाचा तक्ता करून फोनमध्ये घातला होता. रँचिटा गाव मागे टाकून घाट उतरायला लागलो आणि फोनची रेंज गेली. तक्ताही त्याच्याबरोबर गेला. तिच्याकडे घडी घालून घालून फाटायला आलेला कागदी नकाशा होता, कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरांत टिपणं. २००४, २००५, २००८... ती दर वर्षी येत होती. मला पत्ताच नव्हता.

घाट तीन हजार फुटांहून जास्त खाली उतरतो. वळणावरून प्रथम दिसलं तेव्हा मला वाटलं, खाली कुणीतरी साड्या वाळत घातल्यात. तळाशी हेंडरसन कॅन्यन रस्त्यावर गाडी लावली. समोर पिवळी डेझर्ट सनफ्लॉवर, गुडघाभर उंच, नजर पोचेल तिथपर्यंत. त्यांच्यामधून जमिनीला चिकटून पसरलेली जांभळट गुलाबी सँड व्हर्बिना, आणि तिला वास! गोड, थोडा आपल्या मोगऱ्याच्या वळणाचा, पण हलका. वाळूच्या उंचवट्यावर पांढरी शुभ्र इव्हनिंग प्रिमरोज. ओकोटिओ नावाच्या काटेरी छड्यांच्या टोकाला लाल तुरे. एके ठिकाणी ती अचानक गुडघ्यांवर बसली. वाळूतून वर आलेली डेझर्ट लिली होती. तिचा कांदा वाळूत खोल असतो, आणि पाऊस नसेल तर वर्षानुवर्षं वर काहीच येत नाही. लोक शेजारून सेल्फी काढत जात होते, काही जण तर फुलं तुडवून आत बसत होते. ती त्यांना हात जोडून, हसून बाजूला करत होती. आपल्या बाई सहलीत आपल्याला करायच्या तसंच.

जेवायला वाळूतच बसलो. त्याआधीच्या शनिवार-रविवारी त्या चिमुकल्या गावात इतकी गर्दी झाली की उपाहारगृहांतलं अन्न संपलं होतं, म्हणून तिने थालीपीठं, दही आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. मी तिला विचारलं, या बियांना कळतं कसं की यंदाचा पाऊस पुरेसा आहे? चार थेंबांवर फसून उगवल्या तर मरतील की. हा आमच्या धंद्यातलाच प्रश्न आहे: अर्धवट माहितीवर निर्णय कधी घ्यायचा.

मग ती बोलायला लागली, आणि मित्रांनो, मी तिला असं बोलताना नववीनंतर ऐकलं नव्हतं. अनेक वाळवंटी बियांच्या टरफलात उगवण रोखणारी रसायनं असतात. ती धुऊन जायला चांगला अर्धा-एक इंच पाऊस लागतो. फ्रिट्स वेंट या शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातच यावर प्रयोग केले. मातीत खालून पाणी मुरवलं तर बिया भिजूनही उगवत नाहीत. वरून पावसासारखं पाणी घातलं, ती रसायनं धुऊन खाली गेली, की उगवतात. बरं, पुरेसा पाऊस झाला तरी सगळ्या उगवत नाहीत. काही मागे राहतात. डॅन कोहेनने १९६६ साली याचं गणित मांडलं: सगळ्याच बिया एका वर्षी उगवल्या आणि पुढे पाऊस गेला, तर वंशच संपला, म्हणून दर वर्षी काही भागच पणाला लावायचा. ॲरिझोनात टूसॉनला लॉरेन्स व्हेनेबल आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकापासून एकेक रोप मोजताहेत. ज्या जातींचं पीक वर्षावर्षाला जास्त खालीवर होतं, त्या जाती जास्त बिया राखून ठेवतात असं त्यांना दिसलं.

"म्हणजे नुसतं भिजून उपयोग नाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं आणि ती हसायलाच लागली. इतकी की हातातलं थालीपीठ वाळूत पडलं. "तुझे नववीतले मूग आठवतात? काचेच्या ग्लासातले? तू पेलाभर पाणी ओतलं होतंस. बुडून कुजले होते सगळे. घाण वास येत होता. मी सकाळी लवकर येऊन ते फेकले आणि माझ्यातले अर्धे तुझ्या ग्लासात ठेवले."

मला ते मूग चांगले आठवत होते. आदल्या संध्याकाळी काही नव्हतं आणि सकाळी दोन इंचांचे मोड. आपल्या हाताला गुण आहे, असं मी तेव्हापासून मानत आले होते. ही गोष्ट मी नोकरीच्या एका मुलाखतीतसुद्धा सांगितली होती!

तिथेच मी म्हणाले, "त्या गणपतीत मी जे बोलले..."

"आत्ता नको. सुरवंट बघ."

खरंच सगळीकडे सुरवंट होते, बोटाएवढे, स्फिंक्स पतंगाचे, फुलांचे ताटवे फस्त करत निघालेले. रस्त्यावर इतके की गाडी चालवणं जिवावर येत होतं. आणि ते खायला वर ससाणे घिरट्या घालत होते. स्वेनसन्स हॉक म्हणतात त्यांना. अर्जेंटिनाकडून उत्तरेला जाताना दर वसंतात इथे थांबतात. तिने दुर्बीण माझ्या हातात दिली आणि अर्धा तास आम्ही काही बोललो नाही.

सूर्य डोंगरामागे गेल्यावर प्रिमरोज उघडायला लागली. ही फुलं संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापलं की मिटतात. तेव्हा ती आपणहून बोलली. "तू बोललीस त्याचा राग नव्हता. ते खरं होतं म्हणून राग आला. वेळच वेळ होता मला. तू निदान ते मोदकांवरून नको होतंस म्हणायला."

मी माफी मागितली. सहा वर्षं मनात घोकलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवलं नाही. नुसतं "चुकले गं" म्हटलं. मग काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हणायला गेले की तूसुद्धा या बियांसारखीच, योग्य पावसाची वाट बघत... तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"बियांचं माझ्याशी काही जोडू नकोस. बी थांबते ती तिच्या सोयीने. मला थांबवलं होतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. अंधारात घाट चढून परत आलो. तिने मला दारात सोडलं आणि उरलेली चटणी डब्यासकट दिली. डबा परत द्यायला मी चार दिवसांनी गेले.

जूनमध्ये मला नोकरी लागली. ती एका रोपवाटिकेत काम करते, तिथल्या मूळच्या झाडांची. २०१९ला पुन्हा फुलं आली तेव्हा रजा तिला मिळत नव्हती, मला मिळत होती. आम्ही रविवारी गेलो आणि गर्दीत दोन तास अडकलो. भांडलोही, बाटलीतल्या शेवटच्या पाण्यावरून.

आता एक काम राहिलं आहे. जीवशास्त्राच्या बाई पहिल्या रांगेत बसल्यात. बाई, नववीच्या त्या प्रयोगाला तुम्ही मला दहापैकी नऊ गुण दिले होते आणि हिला सात, मोड कमी दिसतात म्हणून. ते मोड माझ्या ग्लासात होते. गुणपत्रिका मी बरोबर आणली आहे. लाल पेनही आणलं आहे.