हॉटेलातील कामाचा ताण

हॉटेलचे काम आधी करून ठेवता येत नाही. मागणी नसताना कारखाना माल तयार करून गोदामात ठेवू शकतो. हॉटेलात दुपारी एक ते अडीचच्या गर्दीचे जेवण त्याच दीड तासात शिजवायचे, वाढायचे आणि टेबल पुसून पुढच्या गिऱ्हाइकाला मोकळे करून द्यायचे असते. लॉजिंगमध्ये सकाळचे चेक-आउट आणि दुपारचे चेक-इन यांच्या मधल्या थोड्या वेळात खोल्या झाडून, चादरी बदलून तयार ठेवाव्या लागतात. ताणाची सुरुवात या घाईपासून होते.

कामाच्या वेळा त्यात भर घालतात. दोन्ही वेळची जेवणे सांभाळण्यासाठी अनेक ठिकाणी ब्रेक शिफ्ट असते: सकाळी अकरा ते तीन आणि पुन्हा संध्याकाळी सात ते अकरा. हजेरीपटावर आठच तास लागतात, पण घर लांब असलेल्याचे मधले चार तासही हॉटेलातच जातात. लग्नसराई, दिवाळीची सुट्टी, गोव्यातला डिसेंबर हे इतरांच्या मौजेचे दिवस. तेव्हा कर्मचाऱ्याला रजा मिळत नाही.

तिसरा भार चेहऱ्यावरच्या हसऱ्या भावाचा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ च्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात हवाईसेविकांच्या कामावरून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. मनात काहीही असो, ग्राहकापुढे नोकरीला साजेसा भाव ठेवणे हेही श्रमच होत. वेटर आणि रिसेप्शनिस्ट हे श्रम दिवसभर करतात.

थोड्या ताणाने काम चपळ होते. तो वाढला, की आधी लक्ष सुटते. सहा नंबरच्या टेबलाने भाजीत कांदा-लसूण नको म्हणून सांगितलेले असते. गर्दीत वेटर ते तोंडी ओरडतो, आचारी अर्धवट ऐकतो आणि भाजी परत येते. ती नव्याने करताना आणखी तीन टेबले खोळंबतात. बोलणी वेटर खातो. पुढच्या टेबलाशी तो तुटक बोलतो, टिप जाते. एका चुकीतून दुसरी निघते ती अशी.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम फूट व्हाइट यांनी शिकागोतील रेस्टॉरंटांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९४८ मध्ये निघाले. गर्दीच्या वेळी वेट्रेस आणि आचारी यांच्यात खटके उडत. काही वेट्रेस रडत. ऑर्डर तोंडी न देता चिठ्ठीवर लिहून खिळ्याला टोचून ठेवली, की आचारी क्रमाने चिठ्ठ्या घेई आणि भांडण कमी होई. आजची केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, तेच काम करते. ग्राहकाची वाट न पाहता स्वतः पुढाकार घेऊन टेबल सांभाळणाऱ्या वेट्रेस ताणाला कमी बळी पडतात, असेही त्यांना आढळले. कामाच्या ताणाचे संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये हाच धागा सिद्धान्तरूपात मांडला: मागणी जास्त आणि निर्णयाचा अधिकार कमी, अशा कामाचा ताण सर्वांत जाचक.

ताण दीर्घकाळ चालला, की माणूस थकतो, कामाविषयी तुसडा होतो आणि त्याच्या हातून काम कमी होऊ लागते. या तीन लक्षणांच्या अवस्थेला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजार न म्हणता नोकरीशी निगडित स्थिती म्हटले. पुढे दांड्या वाढतात, माणसे सोडून जातात, उरलेल्यांवर डबल ड्युटी येते आणि नवख्याला शिकवण्याचे कामही त्यांच्याच गळ्यात पडते.

म्हणून उपायही कामाच्या मांडणीत शोधावे लागतात. ड्युटीचा तक्ता आठवडाभर आधी लावणे, ब्रेक शिफ्ट पाळीपाळीने देणे, कर्मचाऱ्यांच्या जेवणाची वेळ गर्दीतही पाळणे आणि नासलेला पदार्थ मॅनेजरला न विचारता बदलून देण्याची मुभा वेटरला असणे, हे लहान हॉटेललाही जमण्यासारखे आहे.