'नर्व्हस' : एका शब्दाचे अर्थांतर



परीक्षेस निघालेला विद्यार्थी 'नर्व्हस' असतो, प्रथमच व्यासपीठावर चढणारा वक्ता 'नर्व्हस' असतो आणि नव्वदीत पोहोचलेला फलंदाजही 'नर्व्हस'च असतो. मराठीत इतका रुळलेला हा इंग्रजी शब्द मुळात सामर्थ्यवाचक होता, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल.

त्याचे मूळ लॅटिन 'नर्वुस' या शब्दात आहे. नर्वुस म्हणजे शरीरातील चिवट कंडरा; धनुष्याची प्रत्यंचाही. संस्कृतातील 'स्नायु' हा याच कुळातला. साहजिकच इंग्रजीत 'नर्व्हस' म्हणजे प्रारंभी पिळदार, बलवान. जोरकस लेखनशैलीलाही हेच विशेषण लावीत. पुढे संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंना 'नर्व्ह' हे नाव रूढ झाले आणि अठराव्या शतकात त्यांच्या दुर्बलतेची चर्चा वाढली. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात 'बलवान' हा अर्थ पहिला आहे. दुर्बल मज्जातंतूंचा अर्थ शेवटी येतो, तोही वैद्यांच्या परिभाषेतला म्हणून, काहीशा नाखुशीने. कालांतराने तो शेवटचा अर्थच पुढे आला आणि पहिला मागे पडला.

इंग्रजीत हा शब्द मुख्यतः पुढे येणाऱ्या प्रसंगाच्या धास्तीसाठी योजतात. मराठीत तो अधिकच सैलावला. निकालानंतर खिन्न बसलेल्या मुलालाही 'नर्व्हस होऊ नकोस' असे आपण म्हणतो.

वास्तविक मराठीने या अवस्था नीट वेगळ्या ठेवल्या आहेत. धाकधूक प्रसंगापूर्वीची, गांगरणे ऐन प्रसंगातले, हिरमुसणे प्रसंगानंतरचे. नवख्या जागी माणूस बावरतो, एकदा पोळलेला बिचकतो, आणि संकट समोर उभे राहिले की त्याचे हातपाय गळतात. या सर्वांवर एकच शब्द पांघरला की भाषेबरोबर जाणही बोथट होते. धास्तावलेल्याला धीर हवा असतो, हिरमुसलेल्याला सांत्वन. दोघेही 'नर्व्हस' ठरले, तर कोणाला काय द्यावे हे घरच्यांनाही उमगत नाही.

परभाषेतील शब्दाने जरूर यावे. त्याने घरच्यांना बाहेर काढू नये, एवढेच. जेथे मराठी अन्य भाषांच्या शेजारात नांदते, तेथे ही जबाबदारी अधिक. ग्रंथालयाच्या कपाटांत हे शब्द सुरक्षित आहेत. ते वाचकांच्या ओठांवर राहिले, तरच शतकभराचा हा ग्रंथसंग्रह सार्थकी लागला असे म्हणता येईल.